खडकाच्या पोटातली आई

‘स्टार ट्रेक’मधला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग चेंबूरमध्ये बसून बघावा. एका दूरच्या ग्रहाच्या पोटात खाण आहे आणि तिथल्या माणसांचा श्वास एका अणुभट्टीवर चालतो. अंधारातून काहीतरी येतं, खडक वितळवत पुढे सरकतं, माणसं मारतं आणि एक दिवस भट्टीचा मुख्य पंपच पळवून नेतं. ९ मार्च १९६७ रोजी अमेरिकेत हे पहिल्यांदा दाखवलं गेलं, तेव्हा आमच्या ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडची ४० मेगावॉटची सायरस अणुभट्टी सातव्या वर्षात होती.

दूरदर्शनवर ही मालिका ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी लागे. गप्प बसून काही बघायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. बाबा सायरस भट्टीवर पाळीत काम करणारे. पंप गेला म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. “भट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच जात नाही. पाणी फिरतं राहिलं पाहिजे,” ते म्हणाले. सायरसमध्ये इंधनाची उष्णता फिरतं पाणी उचलायचं आणि पुढे समुद्राच्या पाण्याला देऊन टाकायचं. पडद्यावर यानाचा अभियंता स्कॉटी मिळेल त्या सामानातून तात्पुरता पंप जोडत होता आणि बाबा त्याला मनापासून शाबासकी देत होते.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती फक्त बघायची. खाणीच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर एक गुळगुळीत गोल दगड होता. खाली तसे हजारो सापडले होते, अन् कामगारांनी त्यांतले कितीतरी फोडून टाकले होते. आजी म्हणाली, “अंडी आहेत ती.” कुणी लक्ष दिलं नाही.

मग तो प्रसंग येतो. भुयार कोसळतं आणि कॅप्टन कर्क त्या जीवासमोर एकटा सापडतो. खरं तर ते रबराचं आवरण, आणि आत रांगणारा जानोस प्रोहास्का नावाचा स्टंट-कलाकार. पण त्या क्षणी आवरण दिसत नाही. ठार मारण्याचा हुकूम कर्कनेच दिलेला. या जातीचा हा शेवटचा जीव असेल, मारू नये, असं त्याचा सहकारी आणि मित्र स्पॉकचं मत. आता मित्राच्या जिवावर बेतल्यावर तोच स्पॉक पलीकडून सांगतोय की मारून टाका. कर्कचं शस्त्र रोखलेलं आहे. तो जीव हल्ला करत नाही. वळून आपली जखम दाखवतो. कर्क शस्त्र खाली करतो आणि चक्क बसतो.

“थांबला ते बरं केलं,” बाबा म्हणाले. एवढंच. आयुष्यभर मापकांच्या काट्यांकडे नीट बघून मगच हात हलवलेल्या माणसाची ती दाद होती.

पुढे स्पॉक हात टेकवून त्या जिवाची वेदना स्वतःच्या अंगावर घेतो, तेव्हा कळतं की ती होर्टा आहे, खडकातच जन्मलेली. दर पन्नास हजार वर्षांनी तिची सगळी जात मरते, मागे एकच उरते, आणि ती पुढच्या पिढीची आई होते. कामगारांनी फोडलेले ते दगड म्हणजे तिची अंडी, तिची पिल्लं होती. डॉक्टर मॅकॉय तिची जखम काँक्रीटने लिंपतो. आजीने डोळे पुसले.

अलीकडेच हा भाग भाचीबरोबर पुन्हा पाहिला. आदल्या दिवशी आम्ही माहूलच्या खाडीवर गेलो होतो. पन्नासच्या दशकापासून तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे असलेल्या त्या किनाऱ्यावर आजही चिखलात चोची खुपसून रोहित पक्षी चरतात. त्यांच्याशी कुणी करार केलेला नाही. होर्टाशी मात्र होतो: पिल्लं भुयारं खणतील, माणसं खनिज उचलतील, कुणी कुणाला मारायचं नाही. खाणवाले खूश.

“म्हणजे फायदा झाला म्हणून वाचली,” भाची म्हणाली. तिचा राग मला रास्त वाटला. रोहित पक्ष्यांकडून कुणाला काय फायदा? पण कर्क बसला तेव्हा फायद्याची गोष्टच निघालेली नव्हती. ते गोल दगड कशाचे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. समोर एक जखमी जीव होता, एवढंच. या भागाचं मोल मला तिथे वाटतं, करारात नाही.

“मग तिथेच संपवायचा होता,” ती म्हणाली. हे मला पटलं नाही. पिल्लं बाहेर आल्याचं कळेपर्यंत आजी जागची हलली नव्हती.