अविनाश साबळेला कुणी 'ड्राफ्ट' केलं असतं का?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा लांबून येतो. अमेरिकेतून निघतो आणि आष्टी तालुक्यात पोचतो. मध्येच कंटाळलात तर सरळ शेवटावर उडी मारा, माझी हरकत नाही.

आमच्या टीममधले निम्मे लोक तिकडे बसतात. एप्रिल आला की त्यांच्या तोंडी एकच विषय, ड्राफ्ट. तिकडच्या फुटबॉलमधले (हातात चेंडू घेऊन पळायचा तो, आपला पायाने खेळायचा नव्हे) ३२ व्यावसायिक संघ कॉलेजच्या पोरांमधून आपले खेळाडू निवडतात. सात फेऱ्या. त्याआधी निवडक पोरांना इंडियानापोलिसला बोलावून चक्क मोजतात. उंची, वजन, पंजाची लांबी, उडी, आणि ४० यार्डांची धाव, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर.

यात सगळ्यात अवघड पारख 'वाइड रिसीव्हर'ची, असं माझं मत झालंय. हा गडी मैदानाच्या कडेला उभा असतो. अंगावर आलेल्या बचावपटूला चुकवत पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, एवढंच काम. आपल्याला वाटतं, जो जोरात पळतो तो चांगला. २०१७ साली जॉन रॉस नावाच्या पोराने ती ४० यार्डांची धाव ४.२२ सेकंदांत मारली. तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचलला. दुखापती मागे लागल्या आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल नाही! उलट २०२३ साली पुका नाकुआची पाळी आली तोवर १७६ पोरं निवडून झाली होती. पाचव्या फेरीत गेला बिचारा. त्याच वर्षी त्याने १०५ झेल घेऊन १,४८६ यार्ड काढले आणि पदार्पणाच्या मोसमातले जुने विक्रम मोडले.

असं का होतं? कारण स्टॉपवॉच मोजतं ते एकट्याने, सरळ रेषेत, कुणी आडवं नसताना पळणं. सामन्यात तसं कुणी पळूच देत नाही. आमच्या धंद्यातही तेच की. इंटरव्ह्यूला पोराला बायनरी ट्री उलटं करायला लावायचं आणि नोकरीत दहा वर्षं जुना, कुणालाच न कळणारा कोड दुरुस्त करायला बसवायचं. म्हणून जाणकार आकडा बघतात आणि मग तासन् तास व्हिडिओ बघत बसतात. पहिल्या पाच यार्डांत धक्का बसला तर गडी सुटतो कसा? वळताना वेग किती सांडतो? सोपे झेल सोडतो का? समोरचे बचावपटू कुठल्या दर्जाचे होते? आणि चमकला तो कितव्या वर्षी? एकोणिसाव्या वर्षी थोरल्यांत चमकणं वेगळं आणि तेविसाव्या वर्षी धाकट्यांत चमकणं वेगळं.

या जागेवरचा सर्वश्रेष्ठ मानला जातो जेरी राइस. मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजातून आला, १९८५ साली सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. तो फार वेगवान नाही, अशी तेव्हा कुरकुर होती. पुढे त्याने २२,८९५ यार्डांचा विक्रम केला, तो अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्याचे वडील गवंडी. सुट्टीत हा त्यांच्या हाताखाली असायचा, आणि भावांनी खालून फेकलेल्या विटा वरच्या वर झेलायचा. हात तिथे तयार झाले. ही गोष्ट कुठल्या मोजमापात बसते सांगा?

विटांवरून आठवलं, आता येऊ आष्टीला. तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. त्याच्या आईवडिलांनी वीटभट्टीवर काम केलेलं. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा बदल्या. २०१५ च्या सुमारास क्रॉस कंट्री पळायला लागला, तेव्हा एकविशीत होता. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवलं. ३,००० मीटर पळायचं, वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी.

आता कल्पना करा की २०१५ मध्ये आपल्याकडेही असा ड्राफ्ट असता. एक्सेलमध्ये वयाचा फिल्टर लावला असता तर हा गडी पहिल्याच झटक्यात गळला असता. पण एक रकाना अशा तक्त्यांत सहसा नसतो. जन्माचं वय नव्हे, सरावाचं वय. एकविशीतल्या साबळेचं सरावाचं वय होतं जवळजवळ शून्य.

आणि मग आलेख बघा. गोपाल सैनींचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून ३७ वर्षं उभा होता. साबळेने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला, ८:२९.८०. २०१९, दोहा, ८:२१.३७. २०२१, टोकियो ऑलिंपिक, ८:१८.१२. २०२२, बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल, ८:११.२०, आणि सुवर्णपदक हुकलं फक्त ०.०५ सेकंदाने. १९९८ ते २०१८ या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाबाहेर गेलीच नव्हती! २०२४, पॅरिस डायमंड लीग, ८:०९.९१. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद. एखाद्या वर्षी आकडा कुणाचाही सुधारतो, वर्षानुवर्षं सुधारत राहणं हीच खरी खूण.

आकड्यापलीकडचं बघायचं तर दोहाची प्राथमिक फेरी बघा. गर्दीत दुसऱ्यांच्या पडण्यात हा अडकला, खोळंबला, तरी उठून पळाला आणि त्यातही राष्ट्रीय विक्रम केला. भारताने दाद मागितल्यावर त्याला अंतिम फेरीत घेतलं. रिसीव्हर धक्क्यातून सुटतो कसा, म्हणतात ना, ते हेच.

हे पुराण आज लावायचं कारण म्हणजे ताईचा फोन. ताई आष्टीजवळच्याच एका खेड्यात असते. माझा भाचा १९ वर्षांचा, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. कडा रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळतात, त्यांत हाही. वर्षभरात त्याची ५,००० मीटरची वेळ १७:१० वरून १६:२० वर आली. एक कोच म्हणतायत, कॉलेज सोडून दोन वर्षं माझ्याकडे राहा, पोरात दम आहे. खर्चासाठी दाजी म्हैस विकायला निघालेत. ताई म्हणाली, "आरं, तू एवढा कंप्युटरवाला, हिशेब करून सांग की. आपलं पोरगं अविनाश व्हईल का?"

म्हणून मी माझ्या परीने स्काउटगिरी केली. ५० सेकंदांची सुधारणा छान आहे, पण पहिल्या वर्षी सगळ्यांचाच आलेख असा चढतो. शेवटच्या फेरीचा व्हिडिओ मागवला. गर्दीत कोंडला गेला, गडबडला नाही, शांतपणे बाहेर येऊन दोघांना मागे टाकलं. हे मला फार आवडलं. पण समोर होते जिल्ह्यातलेच पोरं. नडगी अधूनमधून दुखते, ते काही चांगलं लक्षण नाही.

पण खरा मुद्दा वेगळाच निघाला. ३२ संघ, सात-सात फेऱ्या, एवढे पैसे आणि एवढे तज्ज्ञ, तरी त्यांचे अंदाज दरवर्षी चुकतात. चुकलं तरी संघ बुडत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्ट असतो. ताईकडे एकच पोरगं आणि एकच म्हैस. आणि कडा रस्त्यावर रोज पळणाऱ्यांत आपल्याला साबळे तेवढा दिसतो, बाकीचे कुठे गेले ते कुणी विचारत नाही.

साबळेची गोष्ट नीट वाचली की कळतं, त्याने घर पणाला लावून जुगार खेळला नव्हता. आधी नोकरी, पगार, दोन वेळचं जेवण, आणि मग पळणं. चुकला असता तर पुन्हा शिपाईच राहिला असता. २०२५ च्या जुलैत मोनॅकोत पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली. त्याही दिवशी सैन्याची नोकरी शाबूत होती. थोडक्यात काय, अंदाज अचूक करणं आपल्या हातात फारसं नाही. अंदाज चुकल्यावर बसणारा फटका लहान ठेवणं मात्र आहे.

म्हणून ताईला सांगितलं, पोरगं अविनाश होईल का हे मला काय, कुणालाच सांगता येणार नाही. पण म्हैस विकू नका. कॉलेज सोडायचं नाही, भरतीची तयारीही सोडायची नाही, सैन्यातूनच खेळात जायची वाट आहे. या वर्षात पुण्याला बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर तीन शर्यती पळायच्या, थोरल्यांबरोबर. खर्च मामाचा. २०२२ पासून आष्टीला रेल्वेही आहे, नगरपर्यंत तरी जाणं सोपं. नडगी आधी डॉक्टरांना दाखवायची. तीन आकडे आले की पुन्हा बसू.

दाजींना पटलं, कारण म्हैस सध्या दुभती आहे :) भाच्याला अर्धंच पटलंय. "मामा, तोवर वय निघून जाईल," म्हणाला. त्याला सरावाच्या वयाचा रकाना समजावून सांगितला. गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशीपासून वहीत रोजचे आकडे लिहायला लागला, असं ताई म्हणाली. मला हे लक्षण १६:२० पेक्षा मोठं वाटतं.