लोणारचा खार

हिंगोलीकरांना लोणार परके नाही. सेनगाव, रिसोड मागे टाकले की बुलढाणा जिल्ह्यातले हे छोटे गाव येते. शाळांच्या सहली तिथे जातात आणि 'उल्का पडून तळे झाले' हे वाक्य मुलांना पाठ असते. पण हे तळे म्हणजे एक जुनी खाणही होती, आणि तिने शतकानुशतके या गावाला नाव आणि रोजगार दिला, हे फारसे कुणी सांगत नाही. यंदा हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गेलो, ते मुख्यतः ही खाण पाहायला.

गाव काठाला खेटूनच आहे. घरे संपतात आणि पुढे जमीनच संपते. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल वाडगा, भोवती झाडीने भरलेले उतार, तळाशी हिरवट पाणी. उल्का कधी पडली यावर एकमत नाही. काही अभ्यासक बावन्न हजार वर्षे सांगतात, काही पाच लाख सत्तर हजार. काळ्या पाषाणात झालेले इतके शाबूत विवर जगात दुसरीकडे क्वचितच आढळते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज़लने 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना मेहकर सरकारातल्या लोणारची नोंद केली. उंच डोंगरांनी वेढलेले खारे तळे, काच आणि साबण बनवायला लागणारा माल आणि त्यातून सरकारला मिळणारा चांगला महसूल, असे त्याने लिहिले. डोंगरावर बैलाचे तोंड कोरलेला एक झरा असल्याचेही तो सांगतो. काठावर आजही गोमुखाची धार वाहते. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर इथे आला तो १८२३ मध्ये. म्हणजे त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी हे तळे दप्तरात चढलेले होते.

खाण म्हणजे बोगदे किंवा सुरुंग नव्हेत. तळ्यात झरे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला एकही वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते आणि दगडातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाच्या चिखलावर खाराची खपली धरायची. मजूर ती काढून वाळवत, निवडत. दल्ला, पापडी, भुस्की अशी तिच्या प्रतींची नावे होती. साबण, काच आणि पापड यांसाठी तो माल जाई.

आमच्या मुलीने विचारले, "दादी, खाराने साबण कसा होतो?" अम्मी म्हणाल्या, "बेटा, आमच्या लहानपणी साबण महाग होता. कपडे खारातच उकळायचे. आणि खाराशिवाय पापड फुलतो का?" शाळेत सोडियम कार्बोनेट शिकवताना आम्हाला एवढे सोपे उदाहरण कधी सुचले नव्हते.

विसाव्या शतकात गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापासून सोडा बनवणारे मोठे कारखाने उभे राहिले. चिखलात राबणाऱ्या हातांचा त्यांच्यापुढे निभाव लागणे अवघड होते. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला, २०२० मध्ये रामसर यादीत आला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा सगळ्या देशाने लोणार पाहिले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्म जीव फोफावले, त्याचा तो रंग होता.

आता काळजी उलट बाजूची आहे. अलीकडच्या वर्षांत तळ्याचे पाणी चढू लागले आहे. काठावरच्या कमळजामातेच्या देवळापर्यंत ते पोहोचले. आमच्या मराठवाड्यात पाणी वाढले की लोक शुक्र करतात, पण इथे गोडे पाणी वाढणे म्हणजे खार पातळ होणे. त्या खारावर जगणारी जीवसृष्टी दुसरीकडे जाऊ शकत नाही. वस्तीचे सांडपाणी उतरले तर नुकसान आणखी वाढते. म्हणून सांडपाण्याची व्यवस्था हा इथे तळ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तिचा भार एकट्या छोट्या गावावर टाकणे न्यायाचे नाही.

जाणार असाल तर हिवाळ्यात, सकाळी लवकर जा. उतार दगडांचा आहे, चांगले बूट घाला. वडीलधाऱ्यांना काठावरूनही सगळे दिसते. पिण्याचे पाणी सोबत न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. गावातले दैत्यसूदन मंदिर आणि त्यावरचे कोरीवकाम मुलांना जरूर दाखवा. चहा-नाश्ता गावातच करा. ज्या गावाचा खार कधीकाळी घराघरांतल्या पापडांत गेला, त्या गावात आपले चार पैसे खर्च झाले तर बरेच आहे.