परतीचे धुके

मराठी प्रवासवर्णनांत परतीला फारशी जागा मिळत नाही, ही आमची जुनी तक्रार. निघण्याच्या लगबगीला एक प्रकरण, पहिल्या दर्शनाला दुसरे, आणि घरी पोचण्याला शेवटच्या पानावरचे चार-दोन शब्द. अपवाद गोडसे भटजींचा. १८५७ साली द्रव्यार्जनासाठी वरसई सोडलेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडतो, झाशीतली कत्तल पाहतो, लुटला जातो आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन आई-वडिलांकडे परततो. १९०७ साली छापून आलेला 'माझा प्रवास' आम्ही वर्गात अनेकदा शिकवला. झाशीवर तास घालवले. कावडीवर कधी दहा मिनिटांपलीकडे बोललो नाही. त्या दहा मिनिटांची आठवण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर फार प्रकर्षाने झाली.

आम्ही चौघे राजगुरुनगरचे. चौघेही मराठीचे अध्यापक, चाळिशी ओलांडलेले. हे लिहीत आहोत मात्र तिघे. का, ते पुढे येईल. हुसैनीवाल्याला जायचे ही कल्पना चौथ्याची, आमच्यातल्या धाकट्याची. ज्या गावाला हुतात्म्याचे नाव मिळाले, जिथे भीमेच्या काठी त्याचा वाडा उभा आहे, त्या गावात आयुष्य काढून तो जिथे राख झाला ती जागा आपण पाहिलेली नाही, हे त्याला बोचत असे. वाड्याजवळ राहणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजींना हे कळले तेव्हा त्यांनी एकच मागणे मागितले: सतलजकाठची चिमूटभर माती. गुरुजी अजूनही गावाला खेडच म्हणतात.

जाताना कल्याणहून पंजाब मेल धरली. १९१२ पासून धावणारी ही गाडी आजही थेट फिरोजपूरपर्यंत जाते. तिथून हुसैनीवाला दहा-बारा किलोमीटर. रूळ तिथे संपतात, पलीकडे पाकिस्तान. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिले गेले, ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आणि लोकक्षोभाच्या भीतीने देह रातोरात गुपचूप इकडे आणून जाळले. राजगुरूंचे वय तेव्हा बावीस. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली होती. १९६१ साली बारा गावे देऊन भारताने ती परत घेतली. १९६८ साली स्मारक झाले, १९७१ च्या युद्धात त्याची नासधूस झाली, १९७३ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. एका जागेसाठी बारा गावे! आमच्या तालुक्यात एकरा-गुंठ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे ठाऊक असल्याने हा हिशेब आम्हांला काही काळ गप्प करून गेला.

माती आवळासुपारीच्या रिकाम्या डबीत भरली. त्याच वेळी धाकट्याचा फोन वाजला. परवा सकाळी अकरा वाजता मुलाखत. मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. तो तेरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट आहे, पीएच.डी. आहे, आमच्यापैकी कुणाहीपेक्षा अधिक वाचन आहे. आठवड्याला नऊ तासिका. जितके तास घेतले तितक्यांचे मानधन, तेही मिळेल तेव्हा. सुट्टीत काही नाही. आम्ही तिघे सहलीला निघताना रजेचा अर्ज टाकून आलो होतो. तो आपले तास आधीच्या आठवड्यात उरकून आला होता. मुलाखत पूर्णवेळ पदाची होती, आमच्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर. अशी जाहिरात किती वर्षांनी येते, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. मूळ कागदपत्रे राजगुरुनगरला, घरच्या कपाटात.

परतीचे आरक्षण त्याच रात्रीच्या पंजाब मेलचे होते. वेळेवर आली तरी ती तिसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला येणार, आणि धुक्याच्या दिवसांत ती वेळेवर येणार नव्हती. म्हणून दिल्लीला उतरायचे आणि दुपारी दोनच्या विमानाने पुणे गाठायचे, असे ठरले. चार तिकिटे काढली. त्याच्या तिकिटाचे पैसे आम्ही द्यावेत का, यावर तिघांत कुजबुज झाली. ती त्याने ऐकली आणि आमच्याआधी आपले पैसे पुढे केले. आजही ते आठवले की शरम वाटते.

दिल्लीला गाडी चार तास उशिरा, नऊच्या सुमारास पोचली. त्या धुक्याचे वर्णन आम्ही करणार नाही. धुके या शब्दावर मराठी कवितेने पुरेसे काम केलेले आहे. अनंत काणेकरांनी तर प्रवासाच्या पुस्तकाच्या नावातच ते आणले. प्रत्यक्षातले धुके अगदी व्यावहारिक कारणांनी पडते: रात्री आकाश निरभ्र, वारा स्तब्ध, जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची ओलसर हवा गोठल्यासारखी थबकते. पन्नास मीटरपर्यंतच दिसत असतानाही दिल्लीत विमान उतरवता येते, पण त्यासाठी विमानातली यंत्रणा आणि वैमानिकाचे प्रशिक्षण दोन्ही त्या दर्जाचे लागते. शिवाय सकाळी कुठेतरी अडकलेले विमान दुपारी तिसऱ्याच गावी उशीर करते. म्हणून बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना फलकावर आमच्या विमानाची वेळ चार झाली. मग सव्वासहा. मग आठ पन्नास.

खरी गोष्ट आता सुरू होते, आणि ती आम्हांला भूषणावह नाही. पहिल्या दोन तासांत आम्ही विनोद केले. चहाच्या किमतीवर बोललो. पुढे आमच्यातल्या एकीने सहज मोबाइलवर पाहिले: सोडलेली पंजाब मेल झाशीला पोचली होती. "गोडसे भटजींच्या गावी," असे कुणीतरी म्हणाले. कुणी हसले नाही. त्यानंतर दर अर्ध्या तासाने गाडी कुठे आहे ते पाहणे हा एक विकार झाला. आम्ही होतो तिथेच, गाडी बीना ओलांडून भोपाळकडे. गाडीतच बसून राहिलो असतो तर? विमानाचा हट्ट कुणाचा? "मी म्हणालोच होतो" हे वाक्य एका सुसंस्कृत, समीक्षक म्हणून नाव असलेल्या मित्राच्या तोंडून चार वेळा ऐकले. विमान रद्द झाले तर उद्या सकाळी जाऊ, एक किरकोळ रजा आणखी, असेही आमच्यातलाच एक बोलून गेला. मग सगळे धाकट्याकडे पाहू लागलो.

तो खुर्चीत सरळ बसून मुलाखतीची टिपणे काढत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, तुम्ही भांडू नका. मला लिहू द्या."

एवढेच. एकाच बाकावर, एकाच विमानाची वाट पाहत, आमच्यातला एकच जण खरोखर खोळंबलेला होता. आम्ही केवळ कंटाळलो होतो. मैत्रीवर व्याख्याने देणाऱ्या आम्हांला हा फरक सहा तासांनी कळला.

सुरक्षा तपासणीत सकाळी त्या डबीने काही क्षण खाल्ले होते. जवानाने ती उघडायला लावली. काय आहे? माती. कुठली? सांगितले. त्याने झाकण नीट दाबून लावले आणि पुढच्या माणसाचा ट्रे ओढला. जवान भावनावश झाला वगैरे लिहिण्याचा मोह आहे, पण तसे झाले नाही. त्याच्यापुढे मोठी रांग होती.

विमान रात्री पावणेबाराला हलले. लोहगावला उतरलो तेव्हा दोन वाजत आले होते. ही धावपट्टी मुळात हवाई दलाची. पुण्याला स्वतंत्र विमानतळ हवा म्हणून एके काळी चाकण-खेडचीच जागा बघितली गेली होती. शेतजमिनी जातील म्हणून गावांनी विरोध केला, आमच्यापैकी दोघांच्या घरचे त्या मोर्चांत होते, आणि पुढे २०१६ मध्ये प्रकल्प पुरंदरकडे गेला. त्या रात्री भोसरी-मोशीमार्गे जाताना, चाकणच्या चौकात मोटारी लादलेल्या लांबलचक ट्रेलरांच्या मागे पाऊण तास उभे असताना, तो विमानतळ इथे झाला असता तर, असा विचार चौघांच्याही मनात येऊन गेला. मोर्चातल्यांच्या मनात जरा जास्तच. ज्याची त्याने कबुली दिली. पुरंदरच्या शेतकऱ्यांना आज काय वाटत असेल, हे त्या घरांना चांगले ठाऊक आहे.

साडेचारला गावात पोचलो. धाकट्याने फाइल घेतली, अंघोळ केली आणि सहाच्या एसटीने निघाला. पंजाब मेल पावणेअकराला कल्याणला पोचल्याचे मोबाइलवर दिसले. अकरा वाजता तो मुलाखतीच्या दालनाबाहेर बसलेला होता. दुपारी तीनला आत बोलावले, बारा मिनिटे प्रश्न विचारले, कळवू म्हणाले. पुढे काय झाले ते त्याने लिहावे अशी आमची इच्छा होती. तो म्हणाला, तुम्ही तिघे लिहा, माझे तास आहेत.

आम्ही त्याच सकाळी गुरुजींकडे गेलो. त्यांनी डबी घेतली, उघडली नाही. धाकट्याला का आणले नाही, असे विचारले. सांगितले. बराच वेळ ते डबी दोन्ही तळव्यांत धरून बसले.

"सतलजला पाणी होते का?" त्यांनी विचारले.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला होते, असे आम्ही म्हणालो.