गोदेचें पाणी आणि मत्स्याची साक्ष

आमच्या घरीं देव्हाऱ्यांत गोदावरीच्या पाण्यानें भरलेला तांब्याचा एक लहानसा गडू असतो. आमच्या शिर्डीहून पांच-एक कोसांवर पुणतांबें आहे. तेथें चांगदेवांच्या समाधीच्या दर्शनास गेलेला घरांतील कोणी तरी तो भरून आणतो. आमचे वडील त्या उदकास गंगाच म्हणत, आणि आम्हीहि तेंच म्हणत आलों.

परवां नातवाचें बारसें झालें. त्या गडूंतील थेंबभर तीर्थ बाळाच्या ओठांस लावावें म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं पळी पुढें केली, तोंच प्राणिशास्त्र शिकणारी आमची पुतणी म्हणाली, "काकू, नको." हात तसाच थबकला. कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु तो प्रसंग आमच्या मनांतून जाईना.

सायंकाळीं आम्हीं तिला विचारिलें, "पाणी निर्मळ दिसतें, वासहि नाहीं, मग दोष कोणता?"

ती म्हणाली, "काका, डोळ्यांना काय कळणार? पाण्यांत जन्मणाऱ्या जीवालाच विचारावें."

मग तिनें जें सांगितलें तें ऐकून आम्ही चकित झालों. झेब्रा मासा म्हणून आपल्याच देशांतील एक इवलासा पट्टेदार मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या विद्वानानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. त्याचें अंडें मोहरीएवढें आणि कांचेसारखें पारदर्शक. आंतील गर्भ वाढतांना उघड दिसतो. नुकतीं फळलेलीं अंडीं परीक्षेच्या पाण्यांत ठेवतात, तितकींच स्वच्छ पाण्यांत ठेवतात, आणि २६ अंशांच्या सुमारास उष्णता राखून ९६ तासपर्यंत रोज सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. अंडें गोठून पांढरें झालें काय, पाठीचे खंड उमटले काय, शेपूट बलकापासून सुटलें काय, हृदय चालतें काय, हे चार प्रश्न. रसायनांच्या परीक्षेसाठीं ही पद्धति २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. जर्मनींत तर २००५ पासून सांडपाण्याच्या परीक्षेंत मोठ्या माशांच्या जागीं अंडींच वापरूं लागले.

रसायनशाळेंतील परीक्षक जें विष शोधावयास बसतो तेंच त्यास सांपडतें. गोदेंत मात्र नाशिकसारख्या शहराचें सांडपाणी, कारखान्यांचें पाणी आणि शेतांतील औषधें एकत्र मिसळतात. त्या मिश्रणाचा जिवावर काय परिणाम होतो हें गर्भ सांगतो. विषाचें नांव मात्र तो सांगूं शकत नाहीं. रोगजंतूंची परीक्षाहि यानें होत नाहीं. ती निराळी करावी लागते. आणि पाणी उकळल्यानें जंतु मरतात, परंतु त्यांत विरघळलेलीं जड धातूंचीं विषें जात नाहींत, हेंहि त्या दिवशीं आम्हांस नव्यानें उमजलें.

जीवहत्येची शंका आम्हींच काढली. तेव्हां कळलें कीं, स्वतः अन्न घेऊं लागण्यापूर्वींच्या या अवस्थेंत गर्भास वेदना फारशी नसावी असें शास्त्रज्ञ मानतात, आणि म्हणूनच मोठे मासे मारण्यापेक्षां हा मार्ग त्यांना बरा वाटतो. आमचें पूर्ण समाधान झालें असें नाहीं.

रात्रीं शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आठवली. सकाळीं हात धुतांना त्याच्या ओंजळींत एक लहान मासा आला. "माझें रक्षण कर, मी तुझें करीन," असें तो म्हणाला. मनूनें त्यास घागरींत वाढविलें. पुढें त्यानेंच जलप्रलयाची सूचना दिली आणि मनूची नौका ओढून नेली. वर्गांत ही कथा आम्हीं कितीदां सांगितली असेल! ओंजळींतील त्या जिवाचें म्हणणें मनूनें ऐकून घेतलें, इकडे मात्र आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींना हें सर्व सांगितलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "आई आजारी असली तर वैद्याला बोलावतात. त्यांत आईचा अपमान कसला?" गडू देव्हाऱ्यांतच आहे, त्यास रोज नमस्कार होतो. बाळास त्यांतील थेंबहि दिलेला नाहीं.

नाशिक, कोपरगांव, पुणतांबें येथील पाण्याची अशी परीक्षा आमच्या भागांतील महाविद्यालयांनीं प्रत्येक ऋतूंत करावी, आणि तिचा निकाल ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा, एवढी आमची इच्छा आहे. तो ऐकावयास आम्ही काठी टेकीत जाऊं.