लोहापोळीवरील हात

जोधपुरास जाणारा मनुष्य प्रथम मेहरानगडाच्या उंचीनेच दिपून जातो. राव जोधाने १४५९ साली आरंभिलेला हा दुर्ग मरुभूमीतील त्या शहरावर सुमारे चारशे फुटांवरून नजर ठेवून उभा आहे. तोफा, पालख्या, आरसेमहाल हे सारे आम्ही पाहिले. त्यांची वर्णने वाचकांस प्रवासपुस्तकांत मिळतील. आमचे पाऊल अडले ते लोहापोळ नावाच्या दरवाजापाशी.

तेथील भिंतीवर हातांचे इवलाले पंजे कोरलेले आहेत. चितेकडे जाताना राजस्त्रियांनी मागे ठेवलेली ही खूण, असे सांगतात. १८४३ साली महाराजा मानसिंग वारले, तेव्हाही अंतःपुरातील स्त्रिया सती गेल्या. पंजांवर शेंदूर होता. काकूंनी भक्तिभावाने हात जोडले. वहिनींनी मात्र आपल्या मुलीस जवळ ओढून घेतले. "आई, एवढे लहान हात कोणाचे गं?" असे ती विचारीत होती.

राजपुतांस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. १७७२ साली थेऊरास माधवराव पेशव्यांमागे रमाबाई सती गेल्या. ती कथा आपल्या घरांतून किती कौतुकाने सांगितली जाते! सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरविणारा कायदा देशास १९८७ साली, देवराळ्याच्या प्रकारानंतर, करावा लागला.

सायंकाळी मुक्कामी वाद निघालाच. "नमस्कार मी त्या बायांना केला, चालीला नव्हे," असे काकू म्हणाल्या. वहिनींस ते पटले नाही. आम्हांसही अद्याप पुरते पटलेले नाही.