आधी गन

परवा रात्री १:२४ मापाच्या बीटलवर निळा रंग मारत होतो. निम्मा टप झाला आणि एअरब्रश थुंकायला लागला. कपात बुडबुडे. चूक माझीच. आदल्या रविवारी कंटाळा केला, नुसता थिनर फवारून ठेवून दिला. ०.३ मिलिमीटरचं नॉझल. वाळलेल्या रंगाचा एक कणही पुरतो.

बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. थिनरच्या वासानं त्यांना खोकला लागतो. तीस वर्षं त्यांनी गॅरेजमध्ये खऱ्या गाड्या रंगवल्या. आधी गन धुवायची, मगच जेवायचं, हा नेम. आई ताट वाढून थांबायची.

"सुई हळू काढ. टोक वाकलं की संपलं," ते तिथूनच म्हणाले.

सुई पुसली. नॉझल थिनरमध्ये भिजवलं, बारीक ब्रशनं आतून साफ केलं, बोटांनीच परत बसवलं. पान्यानं आवळलं तर त्याचे नाजूक आटे जातात. टपावरचे थेंब आता वाळल्यावर वॉटर पेपरनं घासायचे.

बाहेर येऊन मास्क काढला.

"तुम्ही काय लावायचात?"

"रुमाल."

त्यांची गन अजून कपाटात आहे, लख्ख. हवा जोडली तर आजही चालेल.

"याचीही निगा असते का?" त्यांनी मास्ककडे बोट दाखवलं.

"फिल्टर बदलायचे. काम झालं की हवाबंद डब्यात ठेवायचा."

बाबांनी तो हातात घेतला आणि नवी गन पाहावी तसा उलटसुलट करून बराच वेळ बघितला.