माथेरानचा चढ

माथेरानला मोटारीला बंदी. रुग्णवाहिका सोडली तर दस्तुरी नाक्याच्या पुढं इंजिनाची गाडी जात नाही. हवा स्वच्छ, झाडं दाट, पोरांना रस्त्यावर बिनघोर सोडता येतं. म्हणून फॅमिलीवाले तिथं जातात. पण ज्याला चालवत नाही त्यानं काय करायचं? घोड्यावर बसायचं. नाहीतर माणसानं ओढलेल्या गाडीत बसायचं. धूर सोडणाऱ्या यंत्राला बंदी होती, धापा टाकणाऱ्या माणसाला नव्हती.

मी भिवंडीला एका कापडगिरणीत साच्यावर आहे. बारा तासांची पाळी. माझा आजा परळच्या गिरणीत होता, 1982 च्या संपात त्याची नोकरी गेली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी ‘थंड हवेच्या ठिकाणी’ गेलं नव्हतं. 2022 च्या मे महिन्यात मालाला उठाव नव्हता, साचे चार दिवस बंद होते. आईला म्हटलं, चल, हवा खाऊन येऊ.

“हवा खायला पैसं लागत्यात व्हय?” आई म्हणाली.

लागतात. नेरळला उतरलो तेव्हाच कळलं. बरोबर आई, बहीण आणि तिची दोन पोरं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी 2019 च्या पावसापासून बंदच होती. टॅक्सीनं दस्तुरीला गेलो. तिथनं बाजारापर्यंत जी शटल गाडी होती तिची तिकिटं संपलेली. अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता. पोरं पळाली पुढं. आईचे गुडघे मात्र गेलेले. वीस वर्षं बिल्डिंगच्या कामावर डोक्यावर घमेली वाहिलेली बाई.

रिक्षावाले तिघं. एक पुढं दांड्याला, दोघं मागनं रेटायला. पुढचा माझ्याच वयाचा. आई बसायला तयार होईना. “माणसानं माणसाला वढायचं, आन् म्या वर बसायचं? बाबासाहेबांनी ह्याच्यासाठी केलं का समदं?”

तो पोरगा शांतपणे म्हणाला, “मावशी, तुम्ही नाय बसलात तर माझी आजची भवानी नाय. तुमची दया घरी नेऊन शिजवू का?”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या अभ्यासवर्गातही नाही.

आई बसली. सपाटीवर बसली. पण चढ आला की “थांब रं” म्हणून खाली उतरायची, दांडीला हात लावून चढ चालून जायची, आणि वर गेल्यावर पुन्हा बसायची. दोन-तीनदा असं झाल्यावर पोरगा म्हणाला, “मावशी, बसा की. पैसं पुरतं दिलंत.”

आई म्हणाली, “पैसं दिलं म्हंजी काय तुजी छाती इकत घेतली का लेका?”

मागचे दोघं हसले. तो हसला नाही. मान खाली घालून ओढत राहिला.

बाजारात चिक्की आणि चपला. चामड्याच्या चपलांसाठी माथेरानचं नाव आहे. गिऱ्हाईक चप्पल घालून बघतं, भाव पाडतं. कापणाऱ्या-शिवणाऱ्या हाताची जात विचारायला कुणी थांबत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत असते.

पुस्तकात लिहितात, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यानं 1850 मध्ये माथेरान शोधलं. ठाकर, कातकरी, धनगर ह्या डोंगरात आधीपासून होते, पण ते शोधणाऱ्यात धरत नाहीत. मग साहेब आले, मागोमाग मुंबईचे शेटलोक आले, बंगले झाले. पीरभॉय घराण्यानं पैसा घातला आणि 1907 साली डोंगरावर आगगाडी आली. लुईझा पॉइंट आहे, अलेक्झांडर पॉइंट आहे, शार्लोटच्या नावाचा तलाव आहे. ज्यांनी खडक फोडून रूळ टाकले त्यांच्या नावाचा पॉइंट मला कुठं दिसला नाही.

परत आल्यावर अभ्यासवर्गात हे सांगितलं. एक मित्र तापला. म्हणाला, “1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला गाडीत घ्यायला नकार दिला. बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांना घेतलं नाही. मग आपल्यातल्याच एकानं टांगा हाकला, त्याला सवय नव्हती, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. आता आपली आई ऐटीत बसू दे की! फिटला हिशेब.”

मित्रांनो, मला हा हिशेब पटत नाही. चाळीसगावचा टांगेवाला स्वतः हलकं काम करत होता, तरी त्याला वाटायचं आपण महारापेक्षा वरचे. जात अशीच चालते. प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी लागतं. आपण वरच्या पायरीवर जाऊन बसलो म्हणून जिना मोडत नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी गिरणीतल्या साचेखात्याचा प्रश्न मांडला. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला तिथं घेत नसत. आणि मजुरी तिथंच जास्त. बाबासाहेबांनी काय मागितलं? सवर्णाला बाहेर काढा, असं नाही मागितलं. आमच्यासाठी दार उघडा, हे मागितलं. आज मी साच्यावर आहे तो त्या मागणीमुळं.

माथेरानच्या रिक्षावाल्यानं हेच मागितलं. त्याच्यासाठी तिथलाच एक निवृत्त शिक्षक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. हातरिक्षाचे परवाने 94. मागणी एवढीच, की ई-रिक्षा द्या, आणि ती ओढणाऱ्यालाच द्या. घोडेवाल्यांच्या संघटनेनं विरोध केला. त्यांच्याही पोटाचा प्रश्न, तोही खोटा नाही. शेवटी 6 ऑगस्ट 2025 ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या खंडपीठानं सांगितलं, ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना सरकारनं ई-रिक्षा भाड्यानं द्या, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. निकालात 1980 च्या पंजाबच्या रिक्षावाल्यांच्या खटल्याची आठवण काढली. मध्ये 45 वर्षं गेली.

आनंद झाला. पण कागद आणि डोंगर ह्यांच्यात चढ असतो. डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा 1993 ला आला, 2013 ला दुसरा आला, तरी गटारात माणसं मरतात. तेव्हा नुसत्या निकालाचे पेढे वाटून भागणार नाही. तुमच्यातलं कुणी माथेरानला गेलं तर पॉइंट जरूर बघा, पोरांना चिक्की घ्या. पण दस्तुरीला उतरल्यावर एक चौकशी करा. ई-रिक्षाचं हँडल कुणाच्या हातात आहे? जो दांड्याला होता त्याच्या, की ज्यानं आयुष्यात कधी दांडा धरला नाही अशा कुणा पैसेवाल्याच्या? नाव विचारा, परवाना कुणाचा विचारा, आणि येऊन आपल्या बैठकीत सांगा.

जयभीम.